शिशाचं घुबड

१२ मार्च २०१९, मंगळवार. सकाळी ११

आज इतिहास घडला. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे कोणी विचारलं तर पंचाईत नको.

परसातली वाळलेली लिंबोणी उपटत होतो. लेकीचं, फोतिनीचं, घर तिथेच बांधायचंय. दोन खोल्या, एक बाथरूम. बाथरूमचे पाइप मी स्वतः टाकणार. झाड बाहेर आलं आणि मुळांच्या जाळ्यात एक चकती अडकलेली दिसली. करडी, अंगठ्याच्या नखाहून जराशी मोठी, पण हातात घेतली तर जड. शिसं! चाळीस वर्षं प्लंबिंग केलंय. शिसं मला डोळे मिटून कळतं.

एका बाजूला चित्र. दुसरी बाजू सपाट, तिच्यावर खरवडलेलं एकच अक्षर, 'क'चं काप्पा.

हा प्राचीन बिल्ला आहे. जुन्या अथेन्समध्ये असे शिशाचे बिल्ले चालत. न्यायालयात बसायला, नाटकाला, धान्य घ्यायला, सगळ्याला. हे मी एका पुस्तकात वाचलंय आणि एकदा वाचलेलं मी विसरत नाही. पुस्तकाचं नाव आठवलं की लिहीन.

चित्र घुबडाचं आहे. घुबड म्हणजे अथेनादेवी, अथेना म्हणजे आमचं शहर. विषय संपला.

एव्हांथियाला दाखवला. तिने हात पुसले, चष्मा लावला, बिल्ला खिडकीशी नेला आणि म्हणाली, "कोंबडी आहे." पंचेचाळीस वर्षांचा संसार, पण विज्ञानाच्या बाबतीत मी या घरात एकटा आहे.

१३ मार्च, बुधवार

संकल्प. रोज सकाळी दोन तास संशोधन. सिगारेट बंद. कॉफी दिवसाला दोनच. कोणालाही काही सांगायचं नाही.

संशोधन स्वयंपाकघरातल्या टेबलावर करतो. माझ्या अभ्यासिकेत बसायला जागा उरलेली नाही. टेबल बाबांच्या कॉफीहाऊसमधलं आहे, वर संगमरवर, खाली लोखंडी पाय. एक पाय आखूड, पण बाबांनी त्याखाली कधीतरी कसलासा तुकडा सरकवला आणि तेव्हापासून ते ढिम्म हलत नाही. मोठ्या कामाला असं टेबल लागतं.

तीन चाचण्या घेतल्या. नखाची (ओरखडा उठतो), आवाजाची (टणकन नाही, बद्द वाजतो) आणि दाताची. दाताच्या वेळी एव्हांथिया ओरडली. तिन्हींचा निकाल एकच, शिसं. म्हणजे पहिल्याच दिवशी पन्नास टक्के काम झालं. आता फक्त वय काढायचं राहिलंय.

सिगारेट एकच. ती संशोधनाच्या ताणामुळे, म्हणून मोजत नाही.

१४ मार्च, गुरुवार

काप्पाचं कोडं सुटलं! प्राचीन न्यायालयात पंचांचे दहा विभाग असत, आल्फापासून काप्पापर्यंत. हा दहाव्या विभागाचा बिल्ला! माझ्या परसात एक न्यायाधीश येऊन गेला! बहुधा लिंबाच्या सावलीला बसला असेल. (त्या काळी इथे लिंबं होती का, ते बघायचं.)

आनंदाच्या भरात बेकरीवाल्याला सांगितलं. फार्मसीतल्या मुलीलाही. आणि बसस्टॉपवर एक गृहस्थ होते, त्यांना. बाकी कोणाला नाही.

१७ मार्च, रविवार

फोतिनीचा श्टुटगार्टहून फोन. तिकडे अकरा वर्षं नर्स आहे माझी पोर. आता इथल्या एका हॉस्पिटलात जागा मिळतेय, एक सप्टेंबरपासून. पण तिकडचं घर सोडते की नाही, ते तिला तीस जूनच्या आत कळवायचंय. मुक्कामाची सोय झाली तर येणार, नाही तर तिकडेच आणखी तीन वर्षांचा करार.

तीन वर्षं! एव्हांथियाने फोनच्या मागे ॲप्रन डोळ्यांना लावला.

फोतिनी म्हणाली, "बाबा, घरबिर कशाला बांधतोस? माझी जुनी खोली रिकामी कर, मी तिथे राहीन."

तिला प्रेमाने समजावलं की ती आता खोली नाही, अभ्यासिका आहे. दोनशे बारा नळ आहेत, सत्तावीस वॉटर मीटर आहेत, राजवाड्यातला म्हणतात तो फ्लश आहे. वर्गवारी अर्ध्यावर आहे. हा संग्रह हलवण्यापेक्षा घर बांधणं सोपं. ती बराच वेळ गप्प होती. पटलं असावं.

२४ मार्च, रविवार

बिल्ल्याला शास्त्रीय पद्धतीने स्वच्छ करायचं ठरवलं. बाटलीतलं सगळं व्हिनेगर बरणीत ओतून त्यात बुडवून ठेवला. तांब्याचे नळ मी असेच उजळवायचो.

२५ मार्च, सोमवार

सणाचा दिवस. तळलेला कॉड मासा, सोबत लसणाची चटणी. चटणीला व्हिनेगर नव्हतं. एव्हांथियाने बरणी पाहिली. पुढचं लिहीत नाही, दिवस राष्ट्रीय सणाचा आहे.

२७ मार्च, बुधवार. सकाळी ८

दैदीप्यमान यश! बरणीतून काढला तर बिल्ल्यावर सर्वत्र पांढराशुभ्र पापुद्रा. आधी तो दिसत नव्हता, धुळीने झाकला होता. असा पापुद्रा चढायला शिशाला किती वर्षं लागतात? मी हिशेब केला. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात जुना पाइप सत्तर वर्षांचा होता, त्याच्यावर याच्या तेहतिसावा हिस्सा होता. सत्तर गुणिले तेहतीस. म्हणजे इ.स.पूर्व दोनशे एक्याण्णव.

इतकं अचूक वय आजवर कोणी काढलं असेल असं वाटत नाही.

३ एप्रिल, बुधवार

घर बांधणारा थानासिस आला. आमच्या भागात खणायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती मिळाली, फक्त त्यांच्या एक बाई अकरा जूनला येऊन चाचणीचा खड्डा बघतील आणि सही करतील. थानासिस म्हणाला की तासाभराचं काम. बाई बघणार, माती दिसणार, सही होणार. बारा तारखेला मशीन लावतो, ऑगस्टअखेर किल्ली तुमच्या हातात.

मी त्याला बिल्ला दाखवला. त्याचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मिस्त्री, हे खिशात घाल. कुणी विचारलं तर बटण आहे."

बटण! मी त्याला इ.स.पूर्व दोनशे एक्याण्णव समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तू प्लंबर आहेस ना? मग गळती कुठून होते ते तुला कळायला हवं. तुझ्या तोंडातून होतेय."

माणूस कष्टाळू आहे पण दृष्टी सिमेंटच्या पलीकडे जात नाही. बाई मला उलट धन्यवाद देतील. कदाचित घराला एखादी पाटीही लावतील.

१५ एप्रिल, सोमवार

प्रबंध सुरू. नाव 'परसातला न्यायाधीश'. दोनशे पानं होतील. रोज दहा पानं, म्हणजे वीस दिवस.

१६ एप्रिल, मंगळवार

अर्धं पान. सुरुवात नेहमी अवघड असते. पुढे आपोआप धावतं.

शीर्षक बदललं. 'लिंबोणीखालचं न्यायपीठ'.

२८ एप्रिल, रविवार. ईस्टर

ख्रिस्त उठला! कोकरू भाजायची जबाबदारी माझ्याकडे होती. सळई फिरवता फिरवता मेहुण्याच्या आख्ख्या कुटुंबाला बिल्ल्याची हकिकत सांगितली. घुबडाच्या डोळ्यापर्यंत आलो होतो, तेव्हा सळई थोडा वेळ फिरवायची राहिली. डावी बाजू करपली. उजवी उत्तम झाली होती, फक्त कच्ची होती.

मेहुणा म्हणाला, "आर्गिरी, हे कोकरूही इ.स.पूर्व असावं." सगळे हसले. मीही हसलो. मोठ्या शोधांना सुरुवातीला सगळे हसतात.

लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडायच्या खेळात मात्र मी जिंकलो.

२ मे, गुरुवार

प्रबंध पूर्ण! एक्केचाळीस पानं. दोनशेचा आग्रह सोडला, विद्वान माणसं थोडक्यात लिहितात. शेवटच्या प्रकरणात बिल्ला ओतल्याचा महिनासुद्धा दिलाय. ऑक्टोबर.

रजिस्टर पोस्टाने पुरातत्त्व खात्याकडे पाठवला. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? मी म्हणालो, "बाई, स्फोटक." त्यांनी मॅनेजरला बोलावलं. वीस मिनिटं गेली.

प्रबंधाची एक प्रत घरी ठेवली. नातवंडांसाठी. नातवंडं नाहीत, पण फोतिनी आली की काही सांगता येत नाही. (यावर तीनदा थुंकल्यासारखं केलं. दृष्ट नको.)

९ मे, गुरुवार

वाईट दिवस.

सकाळी एव्हांथियाने काही न बोलता माझा हात धरला आणि लहान पोराला शाळेत न्यावं तसं मला कोपऱ्यावरच्या कुंपणापाशी नेलं. तिथे आमची शेजारीण केरासिया आपल्या मुलासाठी घर बांधणार होती. खणताना हातभर जुनी मोरी निघाली. प्राचीन मोरी. झालं, काम थांबलं. त्याला चौदा वर्षं झाली. तिथे आता एक अंजिराचं झाड आहे, दुमजली. मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. दोन मुलांचा बाप झाला.

एव्हांथिया म्हणाली, "एका मोरीला चौदा वर्षं. तुझ्या न्यायाधीशाला किती, हिशेब कर. तुला गुणाकार येतो."

मग म्हणाली, "मला घुबड नको, आर्गिरी. मला मुलगी हवीय."

घरी आलो. मी तीन सिगारेटी ओढल्या आणि तिन्ही मोजल्या.

१० मे, शुक्रवार. सकाळी ६

रात्रभर विचार केला. आता सगळं स्पष्ट दिसतंय. बिल्ला अर्वाचीन आहे! मला सुरुवातीपासूनच शंका होती.

संकल्प. अकरा जूनच्या आत तो अर्वाचीन असल्याचं निर्विवाद सिद्ध करायचं. शिसं तेच, संशोधकही तोच, फक्त निष्कर्ष उलटा. ज्याने एकदा वय काढलं त्याला ते कमी करता येणारच.

दुपारी १. पोस्टात जाऊन प्रबंध परत मागितला. तिथल्या बाई म्हणाल्या, तो केव्हाच पोचला. "स्फोट झाल्याचं काही कानावर नाही," असंही म्हणाल्या.

१४ मे, मंगळवार

चित्र भिंगातून पुन्हा तपासलं. कोंबडी आहे. स्वच्छ कोंबडी, तुराही दिसतो. एव्हांथियाला तसं सांगून दिलगिरी व्यक्त केली. तिने भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आता मला घुबड वाटतंय."

पापुद्र्याचाही उलगडा झाला. म्हणजे मला नाही, फार्मसीतल्या मुलीला. शिसं व्हिनेगरमध्ये ठेवलं की पांढरं होतंच, तिने सहज सांगितलं. तीन दिवसांत होतं. हे मला माहीत होतंच, फक्त त्या वेळी आठवलं नाही.

२१ मे, मंगळवार. दुपारी ४

आजच्या तारखेखाली लाल रेघ मारतोय.

कोस्मासकाकांकडे गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, कान गेलेत, बाकी सगळं जागेवर. महायुद्धाच्या काळात बाबांच्या कॉफीहाऊसमध्ये ते कप पोचवायचे. मी बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला आणि एकदम उभे राहिले. काठीशिवाय!

"सापडला!" म्हणाले. "कुठे होता रे हा?"

मी लिंबोणीचं सांगितलं. काका थरथर कापत हसायला लागले. त्रेचाळीस साली या बिल्ल्यासाठी बाबांनी त्यांचा कान पिरगाळला होता. प्रत्येक कपामागे पोऱ्याने एक बिल्ला गल्ल्यावर टाकायचा, म्हणजे किती कप गेले ते कळे. संध्याकाळी एक कमी भरला. बाबा म्हणाले, तू लपवलास. काका म्हणाले, नाही. "तुमच्या परसातल्या झाडाला पाणी घालताना खिशातून पडला असणार. मी तेव्हाही हेच सांगत होतो. शहात्तर वर्षं झाली, आर्गिरी. शहात्तर वर्षं मी चोर होतो!"

मी बाबांच्या वतीने माफी मागितली. ते म्हणाले, "माफी ठेव तुझ्याकडे, कान परत दे." मग माझे दोन्ही गाल धरून त्यांनी मुके घेतले.

काप्पा म्हणजे कॉफी. चहाच्या बिल्ल्यावर दुसरं अक्षर होतं. "कॉफी कसली," काका म्हणाले, "भाजलेले हरभरे. पण बिल्ल्यावर तसं कोण लिहिणार?" आणि चित्र? काकांना वाटायचं खेकडा आहे.

म्हणजे बिल्ला बाबांनी ओतलेला! विजय! घर वाचलं! फोतिनी येणार!

असाच एक बिल्ला बाबांनी एक्कावन्न साली आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाखाली घातला होता, तेही काकांनी सांगितलं. त्या वेळी टेबल त्यांनीच उचलून धरलं होतं. बाकी लिंबोणीचा खड्डा खणताना बाबांना म्हणे जुन्या शिशाचे तुकडे सापडले, अर्धी बादली, त्यातला एक सुबक होता तो बाजूला ठेवून त्यावरून साचा केला, बाकीचे वितळवून बिल्ले ओतले, उरलेलं शिसं पेरामातल्या चुलतभावाने मासे धरायच्या जाळ्याला लावायला नेलं, असं काहीतरी लांबण काकांनी लावलं. म्हातारी माणसं विषयाला धरून बोलत नाहीत. तो तपशील आपल्या कामाचा नाही.

२२ मे, बुधवार

फोतिनीला फोन करून सांगितलं, घर सोडायची नोटीस देऊन टाक. ती म्हणाली, "बाबा, नक्की ना?" म्हटलं, बाप प्लंबर आहे तुझा, एकही गळती राहिलेली नाही.

११ जून, मंगळवार. सकाळी ७

आज बाई येणार. दाढी केली. लग्नातला सूट घातला, वरचं बटण लागत नाही पण उभं राहिलं की दिसत नाही. एव्हांथियाने बजावलंय की विचारलं तेवढंच बोलायचं. थानासिस म्हणाला, विचारलं तरी बोलू नको. खड्ड्यात काही निघालंच तर दाखवायला म्हणून त्याच्या खिशात बटणांची पुडीच होती.

मी दगडासारखा गप्प राहणार आहे.

सकाळी १०

बाई आल्या. नाव मार्केला. माझ्या फोतिनीएवढ्याच असतील. चाचणीचा खड्डा पाहिला. माती, खडी, एक मोडकी बादली. ठीक आहे म्हणाल्या.

आणि बॅगेतून माझा प्रबंध काढला! एक्केचाळीसही पानं! पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या! त्यांनी सगळा वाचला होता, ऑक्टोबरसकट!

एव्हांथिया माझ्या पायावर पाय देऊन उभी राहिली.

दुपारी १२

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

आम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो. मार्केलाबाईंनी बिल्ला हातात घेतला, काठ पाहिला, मागची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "आर्गिरिसकाका, तुमची मेहनत मला फार आवडली. पण हा गेल्या शतकातला आहे. पांढरं आलंय ते व्हिनेगरमुळे. आणि चित्र बघून किंवा वजन करून शिशाचं वय निघत नाही. तो जमिनीच्या कुठल्या थरात होता, शेजारी कुठली खापरं होती, त्यावरून निघतं. थर हरवला की बिल्ला मुका होतो."

हे सगळं उत्तम चाललं होतं. एव्हांथियाने सुस्कारा सोडला. थानासिस दाराशी उभा होता, त्याने छातीवर क्रूस काढला. बाईंनी फॉर्म पुढे ओढला. पेनाचं टोपण निघालं होतं.

आणि त्या सहज म्हणाल्या, "मासेमारीच्या जाळ्याचं वजन असेल, झालं."

जाळ्याचं वजन!

माझ्या बापाच्या बिल्ल्याला! कोस्मासकाकांनी ज्याच्यापायी कान पिळून घेतला त्याला! मी निष्कर्ष क्रमांक दोन रक्त आटवून काढलाय आणि या त्याला जाळ्याला लटकवतात! मी बोललो. एव्हांथियाने माझ्या पायावर दिलेला पाय उचलून जोरात आपटला, तरी बोललो.

म्हणालो, "बाई, शिशातलं मला कळतं. हा कॉफीहाऊसचा बिल्ला आहे, आणि पुरावा याच खोलीत आहे." सूट घालून गुडघ्यांवर बसलो, टेबल खांद्याने उचललं आणि पायाखालचा तुकडा उपसून संगमरवरावर टाकला. "हा घ्या. बाबांनीच घातलेला. अडुसष्ट वर्षं हलला नाही!"

बाईंनी तो उलटा केला. वरच्या बाजूला लोखंडी पायाचा खड्डा पडला होता. पण फरशीकडची बाजू कोरी करकरीत. त्यावर एक टोळ होता. पंख, लांब पाय, मिशासुद्धा. इतका जिवंत, की उडेल असं वाटलं. घुबड नाही, कोंबडी नाही, खेकडा नाही. आमच्या बिल्ल्यावर जे होतं ते या टोळाचं पुसट पोर होतं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

मग फार हळू आवाजात विचारलं, "हा तुमच्या वडिलांना कुठे सापडला होता, काही माहीत आहे?"

थानासिस दारातून दोन्ही हातांनी नाही नाही करत होता. पण बाईंनी इतक्या आदराने विचारलं. माझ्याकडून कोणी माहिती इतक्या आदराने आजवर मागितली नव्हती. मी सगळं सांगितलं. लिंबोणीचा खड्डा, अर्धी बादली, साचा, पेरामातला चुलतभाऊ. अर्धी बादली म्हटल्यावर बाईंनी डोळे मिटले. वितळवले म्हटल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

दोन हजार वर्षांहून जुना आहे म्हणाल्या. नेमकं शतक? ते थरच सांगेल. आणि थर परसात आहे. फोतिनीच्या बाथरूमखाली.

काम थांबलं.

दुपारी ३

एक मान्य करायला हवं. परसात प्राचीन बिल्ले आहेत, हे मी बारा मार्चलाच म्हणालो होतो. हे एव्हांथियाला सांगायची ही वेळ नाही, एवढं कळण्याइतका मी समंजस आहे.

सांगितलं.

१३ जून, गुरुवार

एव्हांथिया बोलत नाही. मसूर करते, तेही मला हवं असतं ते व्हिनेगर न घालता.

फोतिनीला फोन करायचा धीर होत नाही. तिकडचं घर तिने सोडलंय, माझ्या शब्दावर. उद्या करीन.

१४ जून, शुक्रवार

उद्या.

१६ जून, रविवार. सकाळी ९

केला. सगळं सांगितलं, टोळाच्या मिशांपासून. पलीकडे शांतता. मला वाटलं रडतेय. आता आणखी तीन वर्षं, मग कदाचित कायमच, मग ऑस्ट्रेलिया. कोपऱ्यावरचं अंजिराचं झाड डोळ्यांपुढे आलं.

ती हसत होती. आवाजच निघत नव्हता इतकी. मग निघाला तो फोनशिवायही ऐकू आला असता. एव्हांथिया बाहेरून धावत आली. फोतिनी म्हणाली, "बाबा, अडुसष्ट वर्षं टेबलाखाली! आणि तू वर बसून प्रबंध लिहितोयस!" माझ्या मते यात हसण्यासारखं फार नाही, पण मीही हसलो, आणि एव्हांथियाही हसली, पाच दिवसांनी.

मग फोतिनी म्हणाली, "आता खोली रिकामी कर."

मी म्हणालो, दोनशे बारा नळ...

ती म्हणाली, "बाबा."

एवढंच.

२९ जून, शनिवार

नळ गेले. भंगारवाला दोन खेपांत घेऊन गेला. राजवाड्यातला फ्लश शेवटपर्यंत माझ्या मांडीवर होता. भंगारवाल्याने पाहून सांगितलं की असे त्याच्याकडे चार आहेत.

खोलीत खिडकी आहे! अकरा वर्षं मला वाटत होतं तिथे भिंत आहे.

परसात मार्केलाबाई आणि त्यांची चार माणसं ब्रशने माती झाडतात. मी रोज कुंपणापाशी उभा राहून सल्ला देतो. काल त्यांनी मला एक खुर्ची दिली, जरा लांब.

१ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०

फोतिनी आली. शुक्रवारी, तीन बॅगा आणि एक कुंडी घेऊन. अजून झोपलीय. एव्हांथिया दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन ऐकते, श्वास चालू आहे का. उद्यापासून कामावर जाईल.

कोस्मासकाकांचा बिल्ला बाईंनी परत दिला, तो मी काकांना नेऊन दिला. ते तो शर्टाला लावून कोपऱ्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की मी चोर नव्हतो.

टोळ म्यूझियमला गेला. बाईंनी नोंदीची प्रत दाखवली. शिशाचा बिल्ला, प्राचीन, काळ अनिश्चित, सापडला त्या जागेच्या रकान्यात 'स्वयंपाकघरातल्या टेबलाचा पाय'. शोधकाच्या रकान्यात माझं नाव. मी विचारलं, 'काळ अनिश्चित' ऐवजी ऑक्टोबर लिहिता येईल का. त्या म्हणाल्या, विचार करू.

अभ्यासिका नाही, म्हणून हे स्वयंपाकघरात लिहितोय. आणि टेबल हलतंय. टोळ गेल्यापासून हलतंय. कॉफी बशीत सांडते, अक्षर वाकडं येतं, एव्हांथियाची कणीक टोकाकडे घरंगळते. पुठ्ठा लावून पाहिला, चेपला. बुचाचा तुकडा लावला, उडाला. थानासिसने एक बटण दिलं, ते फुटलं.

शेवटी आज सकाळी प्रबंधाची घरची प्रत घेतली आणि घडी घालून पायाखाली सरकवली. एक्केचाळीस पानांनी पाय फारच वर गेला. मग एकेक प्रकरण काढत गेलो. घुबडाचं काढलं, पापुद्र्याचं काढलं, ऑक्टोबरचं काढलं. प्रस्तावना तेवढी ठेवली.

टेबल ढिम्म हलत नाही.